‘ते अभिनय करतच नव्हते’: वीरा साथीदार, ‘कोर्ट’ आणि माहितीपटांवरची भांडणं

प्रश्न: अमरावतीत आम्ही काही जण मिळून छोटा फिल्म क्लब चालवतो. अभिनेते आणि आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांच्या स्मरणार्थ त्यांची भूमिका असलेला ‘कोर्ट’ हा चित्रपट दाखवला. नंतरच्या चर्चेत दोन समीक्षकांची चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, साथीदारांनी अभिनय केलाच नाही, ते मुळात तसेच होते, दिग्दर्शकाने फक्त कॅमेरा लावला. दुसऱ्याने गाडी अलीकडच्या माहितीपटांवर नेली. ‘ऑल दॅट ब्रीद्स’ इतका देखणा आहे की त्याला माहितीपट म्हणवत नाही, आणि ‘रायटिंग विथ फायर’ ज्यांच्यावर आहे त्यांनीच त्याला आक्षेप घेतला, मग कौतुक कसलं, असा त्याचा सूर. तुम्ही कथापट आणि माहितीपट दोन्हींचं संकलन करता. कोणाचं बरोबर? आणि पुढच्या खेपेला काय दाखवावं?

उत्तर: वरवर पाहता हे दोघे भांडत आहेत, पण त्यांचं गृहीतक एकच आहे. खरं म्हणून काहीतरी बाहेर तयार पडलेलं असतं आणि कॅमेरा ते उचलून आणतो, असं दोघंही मानतात. मग एकाला साथीदारांच्या कामात मेहनत दिसत नाही आणि दुसऱ्याला माहितीपटात मेहनत दिसली की तो खोटा वाटायला लागतो. संकलनाच्या टेबलावर बसून असं काही मानणं मला शक्य नाही. तिथे आलेलं काहीच ‘आपोआप’ नसतं.

आधी साथीदारांबद्दल बोलतो, कारण तो अन्याय मला जास्त बोचतो.

ते गेले १३ एप्रिल २०२१ ला, नागपुरात, कोविडने. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती. तो आठवडाच वाईट होता. १९ तारखेला पुण्यात दिग्दर्शिका सुमित्रा भावे गेल्या, २० ला अभिनेते किशोर नांदलस्कर. श्रद्धांजल्या लिहिणाऱ्यांना उसंत नव्हती आणि साथीदारांच्या वाट्याला मी वाचलं त्यात बहुतेक ठिकाणी मोजक्या ओळी आल्या: ‘कोर्ट’मधले नारायण कांबळे, आंबेडकरी कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. मग हमखास एक वाक्य, की पडद्यावर त्यांनी स्वतःचंच आयुष्य उभं केलं. वाक्य कौतुकाचं आहे यात शंका नाही. पण त्यातून निघतं काय, तर या माणसाने काही केलंच नाही, तो फक्त होता. चांगल्या घरातला, नाट्यशाळेत शिकलेला नट स्वतःच्या जवळची भूमिका करतो तेव्हा आपण ‘किती संयत काम’ म्हणतो. वस्तीत राहणारा, आयुष्यभर चळवळीत काढलेला माणूस तेच करतो तेव्हा ‘तो तसाच आहे’ म्हणतो. या फरकाकडे जरा बारकाईने बघायला हवं.

ज्यांनी ‘कोर्ट’ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चैतन्य ताम्हाणेंचा हा पहिला चित्रपट. २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, एप्रिल २०१५ मध्ये आपल्याकडे लागला आणि त्या वर्षी ऑस्करसाठी भारताकडून गेला. नारायण कांबळे हा उतारवयाचा लोकशाहीर मुंबईत मुलांच्या शिकवण्या घेतो आणि वस्त्यावस्त्यांत कार्यक्रम करतो. मॅनहोलमध्ये उतरणारा वासुदेव पवार नावाचा सफाई कामगार मरतो. कांबळेंच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवून पोलीस त्यांना अटक करतात. पुढे सुनावण्या, तारखा, जामीन, पुन्हा अटक.

आता रचनेकडे बघा. नारायण कांबळे हा या चित्रपटाचा नायक, पण पडद्यावर तो फार कमी वेळ आहे. सुरुवातीला त्याची शिकवणी दिसते, मग तो बसने कार्यक्रमाला जातो, मंचावर गातो, आणि तिथून उचलला जातो. त्यानंतर चित्रपट त्याला तुरुंगात ठेवून भलतीकडे निघून जातो. बचावाच्या वकिलाबरोबर सुपरमार्केटमध्ये वाइन आणि चीज घ्यायला जातो, सरकारी वकीलबाईंबरोबर लोकलने घरी जातो, मुलाला शाळेतून आणतो, स्वयंपाक करतो, सहकुटुंब नाटक बघतो, आणि शेवटी न्यायाधीशांबरोबर सुट्टीला रिसॉर्टवर जातो. प्रेक्षक हे सगळं बघत असताना त्याच्या मनात एक माणूस सतत बसून राहिला पाहिजे, की ही मंडळी चीज निवडताहेत आणि तो आत आहे. तो बसून राहिला नाही तर चित्रपट कोसळतो. मग ती नुसती वकिलांच्या घरगुती आयुष्याची चित्रं उरतात.

तो बसून राहतो याला कारण पहिल्या काही मिनिटांतलं साथीदारांचं काम. शिकवणीच्या दृश्यात ते मुलांना ज्या सवयीने, न गोंजारता, न ओरडता शिकवतात, त्यात त्या माणसाचं सगळं आयुष्य येतं. आणि लगेच नंतर मंचावर तोच देह वेगळाच होतो. आवाज, मान, हात, सगळं समोरच्या गर्दीला उद्देशून. या दोहोंमधलं अंतर एकाही संवादाशिवाय कळतं. पुढे आरोपी म्हणून उभे राहतात तेव्हा तिसरंच रूप दिसतं. न्यायाधीश विचारतात, असं गाणं तुम्ही गायलंय का? नाही. मग असं गाणं लिहायला काही हरकत आहे का, या आशयाचा प्रश्न येतो, आणि हरकत नाही असं उत्तर मिळतं. या ठिकाणी दुसऱ्या कुणी आवाज चढवला असता, किंवा आवाज मुद्दाम खाली आणून डोळ्यांत पाणी आणलं असतं. साथीदार दुकानात सुट्टे पैसे आहेत का विचारल्यावर देतात तितक्या सपाटपणे उत्तर देतात. कोर्टात गाणाऱ्याचा आवाज चालत नाही हे त्या माणसाला माहीत आहे, हे त्या सपाटपणातून कळतं. मंचावर इतका मोठा आवाज लावून दाखवलेला माणूसच हे करू शकतो.

‘ते तसेच होते’ म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारावंसं वाटतं. ताम्हाणे एकाच दृश्याचे पुन्हा पुन्हा, डझनावारी टेक घेतात, हे त्यांच्या कामाची माहिती असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. कॅमेरा स्थिर, चौकट रुंद, शॉट लांब. अशा शॉटमध्ये संकलकाला हातपाय नसतात. एरवी नट एका वाक्यावर अडखळला तर मी समोरच्याचा ऐकतानाचा चेहरा लावतो, खालून दुसऱ्या टेकमधला आवाज सरकवतो, कुणाला काही कळत नाही. मराठी चित्रपटांतली कितीतरी ‘सहज’ कामं अशी टेबलावर जुळवलेली आहेत. नावं सांगणार नाही, धंदा बुडेल. ‘कोर्ट’च्या चौकटीत ही सोय नाही. कोपऱ्यातला पट्टेवाला चुकला तरी सगळ्यांनी पहिल्यापासून करायचं. कॅमेऱ्यासमोर पूर्वी फारसं न वावरलेला माणूस पुन्हा पुन्हा तीच ओळ म्हणतो आणि ती पहिल्यांदाच म्हटल्यासारखी वाटते. याला अभिनय नाही तर काय म्हणायचं?

निळूभाऊ फुलेंचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. सेवा दलाच्या कलापथकातून आलेला हा माणूस सज्जनपणासाठी प्रसिद्ध होता, आणि पडद्यावर त्याने असे पाटील आणि सरपंच रंगवले की बायका त्यांना बघून पदर सावरायच्या, असं लोक आजही सांगतात. तिथे अभिनय कुणालाही दिसतो, कारण माणूस आणि भूमिका दोन टोकांना. पण ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस हा पत्रकार निळूभाऊंच्या स्वतःच्या स्वभावाच्या कितीतरी जवळचा आहे, आणि मला विचाराल तर तेच त्यांचं अधिक अवघड काम. अंतर दिसलं की टाळ्या आणि जवळीक दिसली की ‘तो तसाच’, हा बघणाऱ्याचा आळस आहे. डॉ. लागूंच्या बाबतीत हा आळस कुणी केला नाही, कारण त्यांनी स्वतः अभिनयावर भरपूर लिहिलं आणि बोललं. साथीदारांना अभिनयावर बोला असं किती जणांनी विचारलं? मुलाखतींचा रोख चळवळीवर, जातीवर, घरावर. ते प्रश्नही हवेतच. पण ‘त्या दृश्यात तुम्ही खाली का बघितलंत’ हा प्रश्न नटाला विचारायचा असतो, आणि तो त्यांना विचारला गेल्याचं माझ्या फारसं वाचनात नाही.

याच चित्रपटात उषा बाणे आहेत. त्या वासुदेव पवारच्या विधवेचं काम करतात आणि प्रत्यक्षातही त्या सफाई कामगाराच्या विधवा. साक्षीत त्या सांगतात की नवरा मॅनहोलमध्ये उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, नाही आली तर उतरायचं नाही. वास सहन व्हावा म्हणून दारू पिऊन उतरायचा. गॅसने एक डोळा गेला होता. नंतर बचावाचा वकील त्यांना गाडीतून घरी सोडतो आणि पैसे देऊ करतो. त्या नको म्हणतात, काही काम असेल तर सांगा म्हणतात. माझ्या मते हे त्या चित्रपटातलं सगळ्यात धारदार दृश्य, आणि ते घडतं गाडीच्या दोन सीटवर. इथे माहितीपट कुठे संपतो आणि कथापट कुठे सुरू होतो? बाईंचं दुःख खरं, साक्ष लिहिलेली, न्यायालय उभं केलेलं, खडा आणि झुरळं मात्र रोजच्या कामातली. तुमच्या पहिल्या समीक्षकाने हा प्रश्न विचारला असता तर चर्चेला दिशा मिळाली असती.

आता दुसऱ्यांकडे वळू.

शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ दिल्लीतल्या वझीराबादच्या दोन भावांवर आहे. नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद तळघरात जखमी घारींवर उपचार करतात, पोटापाण्यासाठी साबणाचे डिस्पेन्सर बनवतात, आणि सलिक रहमान हा तरुण त्यांना मदत करतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी कान महोत्सवात माहितीपटांचा सुवर्णनेत्र पुरस्कार मिळाला, पुढे ऑस्करचं नामांकन. सुरुवातीलाच रात्रीच्या मोकळ्या जागेत कॅमेरा जमिनीलगत सावकाश सरकत जातो आणि उंदीरच उंदीर दिसतात. असा शॉट हातात कॅमेरा धरून पळत मिळत नाही. जागा हेरावी लागते, उपकरण मांडावं लागतं, रात्र रात्र थांबावं लागतं. मग तो खोटा का? उंदीर काही दिग्दर्शकाने आणून सोडलेले नव्हते.

‘देखणा म्हणून माहितीपट नाही’ या तक्रारीमागे एक जुनी सवय आहे. आपल्या पिढीने माहितीपट पाहिले ते थिएटरात मुख्य चित्रपटाआधी लागणारे फिल्म्स डिव्हिजनचे, भारदस्त निवेदन असलेले, किंवा मग थरथरत्या कॅमेऱ्याने मोर्च्यात घुसून काढलेले. त्यामुळे हललेली चौकट म्हणजे प्रामाणिक आणि स्थिर चौकट म्हणजे बनाव असं डोक्यात बसलंय. खरं तर चौकट हलवून खरेपणाचा आव आणणं ही आजकालची सगळ्यात स्वस्त युक्ती आहे, जाहिरातवालेसुद्धा ती करतात.

तरी त्या समीक्षकाच्या तक्रारीत एक धागा मला पटतो. देखणेपणाची किंमत असते. ‘ऑल दॅट ब्रीद्स’मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलनं आणि २०२० ची दिल्लीची दंगल पार्श्वभूमीला येतात, बहुतेक वेळा आवाजातून, फोनवरच्या बोलण्यातून, घरच्यांच्या काळजीतून. काहींना ही कमाल वाटते. काहींना वाटतं की मुस्लिम कुटुंबावर घोंगावणारं संकट घारींच्या काव्यात विरघळून गेलं. मी पहिल्या बाजूचा आहे, कारण त्या कुटुंबात भीती तशीच येत असणार, कामाच्या मधल्या फटींतून. पण दुसऱ्या बाजूचा वाद रास्त आहे आणि तो ‘हा माहितीपट आहे का’ या प्रश्नापेक्षा शंभरपट मोलाचा आहे. आणि हो, त्यात गच्चीवर एक घार येऊन सलिकचा चष्मा पळवते. इतकी मांडणी करणाऱ्या चित्रपटात असा क्षण आयता येऊन पडतो तेव्हा संकलकाची खरी परीक्षा असते. त्याच्यावर जोर देऊन तो हसण्यावारी न्यायचा, की बाकीच्यांसारखाच जाऊ द्यायचा? त्यांनी जाऊ दिला. मला ते फार आवडलं.

‘रायटिंग विथ फायर’चा मामला वेगळा आणि जास्त गंभीर. रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’ या दलित महिला पत्रकारांच्या माध्यमसमूहावर तो काही वर्षं चित्रित केला. मीरा, सुनीता, श्यामकली या तिघी त्याच्या केंद्रस्थानी. २०२१ मध्ये सनडान्सला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला, ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि मार्च २०२२ मध्ये, सोहळ्याच्या तोंडावर, ‘खबर लहरिया’ने निवेदन काढलं. आमची गोष्ट हृदयस्पर्शी पद्धतीने मांडली आहे, पण आम्ही एकाच पक्षाच्या बातमीमागे लागलेली संस्था आहोत असं चित्र उभं राहतं आणि ते अचूक नाही, असा त्याचा आशय. दिग्दर्शकांनी आपल्या कामाची बाजू घेतली.

तुमच्या समीक्षकाने यावरून निष्कर्ष काढला की चित्रपट रद्दबातल. मी तसं म्हणणार नाही. काही वर्षांचं फुटेज दीड-दोन तासांत बसवताना काय होतं ते सांगतो. पन्नास गोष्टी चित्रित झालेल्या असतात: पाण्याचा टँकर, ग्रामपंचायतीतला घोटाळा, घरातली भांडणं, प्रशिक्षण, खाणमाफिया, निवडणूक. या सगळ्यांना चढ नसतो. निवडणुकीला असतो. तिला तारीख आहे, निकाल आहे, गर्दी आहे, घोषणा आहेत. रफ कट, म्हणजे कच्ची जुळणी, बघायला बसलेला प्रत्येक जण म्हणतो, इथे पकड येते. मग निवडणूक शेवटाकडे सरकते, आणि शेवटाकडे जे असतं तेच प्रेक्षक घरी घेऊन जातो. एकही शॉट खोटा नसताना प्रमाण बदललेलं असतं. ज्या संस्थेने २००२ पासून हजारो साध्या स्थानिक बातम्या केल्या, तिला वाटणारच की हे आम्ही नाही. त्यांचा आक्षेप खरा आणि चित्रपटही प्रामाणिक, दोन्ही एकाच वेळी. शिवाय त्या बायकांना उद्या त्याच जिल्ह्यात, त्याच अधिकाऱ्यांसमोर, त्याच कार्यकर्त्यांसमोर माइक घेऊन उभं राहायचं आहे. दिग्दर्शक आणि संकलक दिल्ली-मुंबईत असतात. आक्षेपाची ही बाजू समीक्षकांनी फारशी घेतली नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

प्रमाण म्हणजे काय ते एका छोट्या प्रसंगातून सांगतो. सोलापूरच्या विडी कामगार बायांवरच्या एका माहितीपटाचं काम माझ्याकडे होतं. एका मुलाखतीत मजुरीबद्दल विचारल्यावर बाई एकदम गप्प होतात, नजर खाली जाते, ओठ हलल्यासारखे वाटतात. आवाज बंद करून बघितला तर काळीज हलवणारा शॉट. आवाज लावला तर आत स्वयंपाकघरात कुकर होत होता आणि बाई शिट्ट्या मोजत होत्या. शिट्टी पुसून टाकायला मला एक मिनिट लागलं असतं, आणि कुठल्याही महोत्सवात त्या शांततेचं कौतुक झालं असतं. दिग्दर्शिकेने शिट्टी ठेवली आणि बाईंचं पुढचं वाक्यही ठेवलं, ‘थांबा, गॅस बंद करून येते.’ मजुरीचं उत्तर त्यांनी परत येऊन दिलं, हिशेबासकट. प्रेक्षक हसले आणि मग हिशेब ऐकून गप्प बसले. निर्णय दोन सेकंदांच्या आवाजाचा होता. असे निर्णय एका माहितीपटात शेकड्यांनी असतात, आणि समीक्षकाने शोधायचे ते हे.

संमतीचा प्रश्नही इथेच येतो. निशा पाहुजा यांच्या ‘टू किल अ टायगर’मध्ये झारखंडमधल्या एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार होतो आणि तिचे वडील तिच्या पाठीशी उभे राहून लढतात. मुलगी सज्ञान झाल्यावर तिने चित्रपट पाहून चेहरा दाखवायला संमती दिली, तेव्हा चेहरा न झाकता तो प्रदर्शित झाला. आपल्याकडे त्यावर वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. माझं मत विचाराल तर तिचा चेहरा झाकला असता तर लाज तिचीच असल्याचा जुना संदेश पुन्हा गेला असता. तरीही हे सहज सोडून देण्याजोगं नाही. अठराव्या वर्षी दिलेली संमती तिसाव्या वर्षी गावात, सासरी, नोकरीत कशी वाटेल? कथापटातला नट भूमिका उतरवून ठेवतो. माहितीपटातल्या माणसाला उतरवायला काही नसतं.

साथीदारांच्या बाबतीत तर भूमिका उतरवल्यावरही जगाने ती चिकटवून ठेवली. मे २०२५ मध्ये नागपुरात त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. त्यात फैज अहमद फैज यांची ‘हम देखेंगे’ ही नज्म गायली गेली. त्यावरून तक्रार झाली आणि आयोजकांवर गुन्हा नोंदला गेला. भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ लावलं, म्हणजे देशाच्या सार्वभौमत्वाला आणि एकात्मतेला धोका पोचवल्याचं. गाणं गायलं म्हणून आरोपी झालेल्या शाहिराची भूमिका केलेल्या माणसाच्या स्मृतिकार्यक्रमात गाणं गायलं म्हणून गुन्हा. पटकथेत हे लिहून आणलं असतं तर मीच दिग्दर्शकाला म्हटलं असतं, जरा जास्त होतंय, काप. ‘कोर्ट’ची पटकथा किती निरीक्षणातून आली होती याचा याहून वेगळा पुरावा लागत नाही. पण यावरून पुन्हा ‘ते स्वतःचंच आयुष्य जगले’कडे घसरू नका. पटकथा ताम्हाणेंची, गाणी लोकशाहीर संभाजी भगतांची, आणि नारायण कांबळे उभा केला साथीदारांनी. तिघांचंही श्रेय वेगवेगळं आहे.

संभाजी भगतांचं नाव आलंच आहे तर पुढे काय दाखवावं याचं उत्तर देतो. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट दाखवा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, त्यात १० जण गेले. काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. पटवर्धन घोगरेंना आधीपासून ओळखत होते, ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात घोगरेंचं गाणं आहे. त्या मृत्यूनंतर सुरू झालेलं चित्रण चौदा वर्षं चाललं आणि २०११ मध्ये चित्रपट पूर्ण झाला. भगत त्यात आहेत, कबीर कला मंच हे पुण्याचं कलापथक आहे, त्यातल्या गायिका शीतल साठे आहेत. वस्त्यांमध्ये उघड्यावर मोठे पडदे लावून तो दाखवला गेला. तो पाहिल्यावर ‘कोर्ट’मधल्या मंचावरचा कांबळे कुठल्या परंपरेत उभा आहे ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

एक फरक मात्र आवर्जून दाखवा. पटवर्धन कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारतात, त्यांचा आवाज ऐकू येतो, ते कुठल्या बाजूला आहेत हे पहिल्या रिळात कळतं. ‘ऑल दॅट ब्रीद्स’मध्ये सेन कुठेच नाहीत. यातला एक प्रामाणिक आणि दुसरा लबाड असं काही नाही. पटवर्धनांच्या चित्रपटाशी तुम्ही भांडू शकता, कारण भांडायला माणूस समोर आहे. सेन यांच्या चित्रपटाशी भांडायचं तर आधी त्यांनी तुम्हाला कुठे उभं केलंय ते ओळखावं लागतं. दुसरं काम अवघड, म्हणून तिथे समीक्षकाची गरज जास्त.

व्यवहाराचं थोडं. ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांच्या घरात जातो. मध्यंतर ठेवा, चहा ठेवा, आणि चर्चा त्याच दिवशी ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, लोक रात्री झोपून येऊ देत. प्रदर्शनाची परवानगी निर्मात्याकडून लेखी घ्या, यूट्यूबवर किंवा कुणाच्या पेन ड्राइव्हवर सापडली म्हणून प्रत लावू नका. स्वतंत्र माहितीपटवाले अशा मेलला बहुधा उत्तर देतात. मानधन जमेल तेवढं द्या, पण ‘प्रसिद्धी मिळेल’ असं लिहू नका. आवाजाची चाचणी आदल्या दिवशी करा. शाहिरीचे शब्द सभागृहात कळले नाहीत तर अर्धा चित्रपट गेला.

आणि त्या दोन समीक्षकांना पुन्हा बोलवा, फक्त या वेळी विषय ‘माहितीपट आणि वास्तव’ असा देऊ नका. एकाला ‘कोर्ट’मधला उषा बाणेंच्या साक्षीचा तुकडा द्या, दुसऱ्याला ‘जय भीम कॉम्रेड’मधली कुठलीही एक मुलाखत. पाच-पाच मिनिटांचे तुकडे, पडद्यावर दोनदा लावायचे. पहिल्यांदा आवाजासकट, दुसऱ्यांदा आवाज बंद. मग दोघांनी एवढंच सांगायचं: कट कुठे झाला, कुठे होऊ शकला असता आणि झाला नाही, कॅमेरा कोणाकडे बघत होता आणि बोलणारा माणूस कोणाकडे. मतं त्यानंतर.